सेकंदकाट्यावरचा समतोल

मी पोकरच्या स्पर्धेत हरलो, असं आमच्या कचेरीत अजूनही सांगतात. सांगणारे अडाणी आहेत. मी हरलो नाही. माझ्या चकत्या संपल्या. या दोन गोष्टींतला फरक कळायला थोडं वाचन लागतं, आणि आमच्या कचेरीतलं वाचन म्हणजे डब्याखाली अंथरलेला पेपर. त्यामुळे मी तो फरक समजावून सांगायच्या भानगडीत पडलो नाही. म्हणजे, एकदा पडलो. तेव्हा भांडारपालाने मधेच विचारलं, "पण साहेब, शेवटी चकत्या कुणाकडे होत्या?" अशा माणसांपुढे तोंड वाजवण्यात अर्थ नसतो.

मी वजनमाप खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, खोटी वजनं जप्त करायची, खऱ्या वजनांवर शिक्का मारायचा. बावीस वर्षांत मी एकाही तराजूला माणूस बघून शिक्का मारलेला नाही. काटा मधे आला की शिक्का, नाही आला की जप्ती. मग समोर कुणी का असेना. हे आधीच सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात माझ्या स्वभावाचा दोष होता असं बायकोसकट सगळ्यांचं म्हणणं आहे. ज्याला ते दोष म्हणतात त्याला सज्जन लोक तत्त्व म्हणतात.

आमच्या कर्मचारी क्लबाचं समुद्रकाठी एक विश्रामगृह आहे. एक खोली, दोन खाटा आणि व्हरांड्यात एक मोडकी आरामखुर्ची. उन्हाळ्यातला पहिला पंधरवडा तिथे कुणी जायचं यावरून दरवर्षी कचेरीत रणधुमाळी माजते. आधी ज्येष्ठतेनुसार द्यायचे. तेव्हा दोघांनी एकमेकांच्या जन्मतारखा खोट्या ठरवायला अर्ज केले. मग चिठ्ठ्या टाकायला लागले. तर तीन वर्षं ओळीने भांडारपालाची चिठ्ठी निघाली. चिठ्ठ्यांचा डबा भांडारातून येत होता हे लक्षात यायला आमच्या समितीला तीन वर्षं लागली. यावरून समितीची पात्रता कळावी. शेवटी हेडक्लार्कने, त्याला मेल्याला पत्त्यांचं वेड लागलं होतं तेवढ्यावरून, ठराव आणला की पोकरची स्पर्धा घ्यावी. पैसे लावायचे नाहीत, नुसत्या चकत्या, आणि ज्याच्याकडे सगळ्या चकत्या जमतील त्याला पंधरवडा.

मला खेळाची आवड नाही. पण लग्न ठरलं तेव्हा मी बायकोला समुद्र दाखवायचं कबूल केलं होतं. त्याला एकोणीस वर्षं झाली. तिने समुद्र अजून पाहिलेला नाही. ती कधी बोलून दाखवत नाही; फक्त कॅलेंडरवर समुद्राचं चित्र आलं की महिना उलटल्यावरही ते पान फाडत नाही. आमच्या स्वयंपाकघरात गेली दोन वर्षं मार्च महिना चालू आहे. तेव्हा हा पंधरवडा मला हवा होता, फार हवा होता.

आता अर्ज. क्रीडास्पर्धेचा छापील नमुना एकच, तोही धावण्याच्या शर्यतीचा. त्यामुळे त्यात उंची, वजन, छाती फुगवून व न फुगवता, आणि डॉक्टरचा दाखला. मी हेडक्लार्कला म्हटलं, "अहो, पत्ते खेळायला छाती कशाला फुगवायची?" तो म्हणाला, "रकाना रिकामा ठेवता येत नाही." मी कचेरीतल्याच काट्यावर वजन केलं, तर तो काटा पाऊण किलो जास्त दाखवत होता. वजनमाप खात्याच्या कचेरीत! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मी तत्काळ तो काटा जप्त केला. त्यामुळे उरलेल्या पंधरा जणांची वजनं अडली आणि स्पर्धा दोन आठवडे पुढे गेली. आभार कुणीच मानले नाहीत.

प्रत्येक घरातून दोन नावं देता येत होती. बायको म्हणाली, "माझंही घाला."

"तुला काय येतं त्यातलं?"

"तुम्हाला तरी काय येतं? दोन अर्ज म्हणजे दोनदा संधी."

हिशोब चुकीचा नव्हता. मी नाव घातलं. बायको घरी शिवणकाम करते. कचेरीतल्या निम्म्या लोकांच्या पँटी तिच्याकडे सैल होतात आणि आखूड होतात. तेवढीच तिची करमणूक होईल, असं मला वाटलं.

मी मात्र अभ्यासाला लागलो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला पोकरचं एक जाडजूड पुस्तक मिळालं. त्याला कव्हर नव्हतं आणि पहिली चाळीस पानं नव्हती, त्यामुळे लेखक कोण आणि खेळाचे नियम काय, या दोन किरकोळ गोष्टी सोडल्या तर सगळं त्यात होतं. नियम मी कचेरीच्या जीपच्या ड्रायव्हरकडून शिकलो. प्रत्येकाला दोन पानं, झाकून. टेबलावर सगळ्यांची मिळून पाच पानं, उघडी. या सातांतून ज्याचा मेळ चांगला जमेल त्याचा डाव. पण पानं दाखवायच्या आधी चकत्या लावायच्या, आणि समोरचा घाबरून पानं टाकून गेला तर आपल्याकडे काहीही नसताना डाव आपला. काही नसताना असं लावण्याला थाप म्हणतात. आमच्या खात्यात तिला प्रगती-अहवाल म्हणतात.

पुस्तकात खेळाचे दोन पंथ सांगितले होते. एक, समोरच्याची खोड हेरायची आणि तिच्यावर डल्ला मारायचा. कुणी भित्रा असेल तर त्याला सारख्या थापा, कुणी हट्टी असेल तर त्याला एकही नाही. हे वाचूनच मला शिसारी आली. हे तर दुकानदाराचं तत्त्व झालं: गिऱ्हाईक बघून माप. दुसरा पंथ समतोलाचा. समोर कुणीही असो, आपण आपल्या प्रमाणाने खेळायचं. तीन मोठ्या बोलींत दोन खऱ्या, एक थाप. मग समोरच्याने काहीही केलं तरी त्याला आपल्यातून फायदा काढता येत नाही. वाचता वाचता माझे डोळे भरून आले. बावीस वर्षं मी जे तराजूला सांगत होतो ते कुणीतरी पत्त्यांना सांगितलं होतं.

एकच अडचण होती. थाप नेमकी कधी मारायची, हे आपण ठरवलं तर त्यात आपली खोड उतरणार. त्यावर पुस्तकाने तोड दिली होती: घड्याळ. हातात पानं फुटकळ असली की मनगटावरच्या सेकंदकाट्याकडे बघायचं. काटा पहिल्या पंधरा सेकंदांत असेल तर थाप मारायची, नसेल तर पानं टाकायची. आता ठरवणारे आपण नाही, घड्याळ. माणसाचा मोह, भीती, राग, सगळं बाजूला. इतकी स्वच्छ कल्पना मी आयुष्यात ऐकली नव्हती.

चाळीत बातमी पसरली आणि सल्ले सुरू झाले. वरच्या मजल्यावरचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर म्हणाले, काळा चष्मा लावा, डोळे दिसत नाहीत. मी लावून बघितला. बदाम आणि इस्पिक एकाच रंगाचे दिसू लागले. न्हावी म्हणाला, दाढी वाढवा, चेहरा वाचता येत नाही. आठ दिवस वाढवली, तर साहेबांनी बोलावून घरी सगळं ठीक आहे ना असं विचारलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय. यातल्या एकालाही समतोल या शब्दाचा अर्थ विचारला असता तर त्याने योगासन करून दाखवलं असतं.

संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर बायकोच्या डब्यातली बटणं चकत्या म्हणून मांडून एकटाच सराव करायचो. ती मशीनवर असायची. एकदा तिने विचारलं, "समोर कोण बसलंय असं धरलंय?"

"कुणी का असेना. त्याचा संबंध नाही."

"मग माप कसं घेता?"

"माप घ्यायचंच नाही, तेच तर शास्त्र आहे. एकच प्रमाण, सगळ्यांना."

"म्हणजे तयार कपडे," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला. "बसतात सगळ्यांना. शोभत कुणालाच नाहीत."

जिचं गणित सेंटिमीटरच्या फितीपाशी संपतं तिच्याशी काय वाद घालणार! तिने मशीन थांबवून माझ्या मनगटाकडे बघितलं. "सारखं घड्याळात काय बघताय? कुठे जायचंय का?"

"तुला कळायचं नाही," मी म्हणालो. पुढे काय झालं ते बघता, हे वाक्य मी बोललो नसतो तर बरं झालं असतं.

स्पर्धा रविवारी सकाळी, क्लबाच्या हॉलमध्ये. सोळा खेळाडू, दोन टेबलं. पंखा लावला की पानं उडायची आणि बंद केला की माणसं वितळायची. म्हणून भांडारातून पन्नास ग्रॅमची पितळी वजनं आणून ज्याच्या त्याच्या पानांवर ठेवली. मी बसल्या बसल्या आमच्या टेबलावरच्या आठही वजनांवरचे शिक्के तपासले. दोन मुदत संपलेली निघाली. हेडक्लार्क म्हणाला, "आज रविवार आहे हो!" जणू रविवारी ग्रॅम हलका होतो.

माझ्या टेबलावर भांडारपाल, टंकलेखिका बाई, ड्रायव्हर आणि हिशोबखात्याची इतर चिल्लर होती. बायको दुसऱ्या टेबलावर हेडक्लार्कसमोर. मी मनात म्हटलं, चला, अर्ध्या तासात सुटेल बिचारी.

तिसऱ्याच डावात मला सत्ती आणि तिर्री आली. कचरा. घड्याळ बघितलं: सहा सेकंद. शास्त्राने हुकूम दिला. मी भांडारपालावर चकत्यांचा ढीग लोटला. त्या गृहस्थाने पानंसुद्धा नीट न बघता तेवढाच ढीग पुढे केला. पानं उघडली, त्याच्याकडे पंजीची जोडी. मी म्हटलं, "अहो, पंजीच्या जोडीवर एवढं लावतात का?"

तो म्हणाला, "मी आलोय खेळायला. पानं टाकायला कशाला येऊ?"

थाप मारायची तर समोरच्याला ती घाबरण्याइतकी अक्कल हवी. हा माणूस चार तासांत एकदाही पानं टाकून उठला नाही. घड्याळाने आणखी दोनदा त्याच्यावर थाप मारायला सांगितली आणि मी दोन्ही वेळा मारली. पालथ्या घड्यावर पाणी! कुणी म्हणेल, मग त्याला थाप मारणं सोडून का नाही दिलंत? मग तो समतोल कसला? टंकलेखिका बाई नेमक्या उलट. एक्का दिसल्याशिवाय त्या चकतीला हात लावायच्या नाहीत. फूं केलं तरी पानं टाकायच्या. त्यांना थाप मारली असती तर चार तास फुकटच्या चकत्या मिळाल्या असत्या. पण दर वेळी काटा पंचवीस, चाळीस, पन्नास. मी नियम मोडला नाही.

तरीही मी शेवटच्या टेबलापर्यंत पोचलो. मत्सरी लोक म्हणतात की मला दोनदा राजाची जोडी आणि एकदा तीन राण्या आल्या म्हणून. पानं सगळ्यांनाच येतात. ती समतोलाने स्वीकारावी लागतात.

तिकडे बायकोपुढे चकत्यांची उतरंड लागली होती. मी मधल्या सुट्टीत चहाचा कप घेऊन तिच्यामागे उभा राहिलो आणि जे बघितलं त्याने मान खाली गेली. ती पत्त्यांकडे बघतच नव्हती, माणसांकडे बघत होती. हेडक्लार्कला ही एकदाही थाप मारायची नाही. उलट हातात भक्कम काही आलं की त्याच्यावरच लावायची, आणि तो हट्टाने शेवटपर्यंत यायचा. मी हळूच विचारलं, हे कशावरून?

"कंबर अडतीस झाली आहे त्यांची," ती कुजबुजली. "दर सहा महिन्यांनी पँट सैल करून नेतात, पण कागदावर चौतीसच लिहायला लावतात. असा माणूस मागे सरतो होय?"

म्हणजे बावीस वर्षांच्या माझ्या सहकाऱ्यांना ती कंबरेपासून घोट्यापर्यंत ओळखत होती आणि त्यावर खेळत होती! पुस्तकाच्या एकशे बाराव्या पानावर ज्याचा धिक्कार केला आहे तो पंथ, आणि माझ्याच घरात. काखेत कळसा म्हणतात तो असा सापडला. मी तिला सावध केलं, की असं खेळणारा स्वतः उघडा पडतो, कुणीही जाणकार त्याचा फायदा उठवू शकतो. ती म्हणाली, "जाणकार दिसला की सांगा."

चार वाजता आम्ही दोघंच उरलो. मी आणि बायको. भोवती सगळी कचेरी उभी, खुर्च्यांवर चढलेली. आता समजूतदार माणूस म्हणेल, कुणीही जिंको, विश्रामगृह घरातच येणार. पण प्रश्न विश्रामगृहाचा उरला नव्हता. तिला समुद्र दाखवणार होतो तो मी. ती मला दाखवणार असेल तर एकोणीस वर्षं मी काय तोंडाने थांबवलं होतं तिला?

तिच्याकडे माझ्या दुप्पट चकत्या होत्या. मी शांत होतो, कारण समतोल खेळणाऱ्याचा फायदा कुणाला घेता येत नाही. पण एक चमत्कारिक गोष्ट होऊ लागली. मला चांगली पानं आली आणि मी लावलं, की ती पानं टाकायची. मी थाप मारली, की ती तेवढ्याच चकत्या पुढे करायची. पाच डावांत पाच वेळा. नशीब, मी म्हटलं, निव्वळ नशीब. पुस्तकात नशिबाला तात्पुरता गैरप्रकार म्हटलं आहे.

शेवटचा डाव. माझ्याकडे सत्ती आणि चव्वी. टेबलावर राजा, गुलाम, नव्वी, पंजी, दुर्री. म्हणजे माझ्याकडे वाऱ्याशिवाय काही नव्हतं. मी घड्याळ बघितलं. आठ सेकंद. मी होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या चकत्या मधे सरकवल्या आणि चेहऱ्यावर जप्तीच्या वेळचे भाव आणले.

"आले," बायको म्हणाली. तिने पानं उघडली. नव्वी आणि तिर्री. नुसती नव्वीची जोडी.

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. मी मात्र उठून उभा राहिलो. "नव्वीच्या जोडीवर सगळं लावतात? टेबलावर राजा आहे, गुलाम आहे! कुठल्या शास्त्रात बसतं हे?"

"अहो, बसा," ती हळू आवाजात म्हणाली. "घड्याळ."

"काय घड्याळ?"

"हातात चांगली पानं असली की तुम्ही घड्याळाकडे बघतच नाही. गरजच नसते ना तेव्हा. बघून पानं टाकलीत तर प्रश्नच नाही. बघून लावलंत की थाप."

मी ड्रायव्हरकडे बघितलं. निदान तो तरी हे खोडून काढेल असं वाटलं. तो म्हणाला, "हातच्या काकणाला आरसा कशाला, साहेब? आधी आम्हाला वाटलं तुम्हाला घरी जायची घाई झालीय. पहिल्या तासानंतर सगळ्यांना कळलं." टंकलेखिका बाईंनीसुद्धा मान हलवली, ज्यांनी दिवसभरात दुसरा कसलाही निर्णय घेतला नव्हता.

थोडक्यात, माझ्या थापांचं प्रमाण अचूक होतं. तीनांत एक, पुस्तकाबरहुकूम. फक्त प्रत्येक थापेची मी आगाऊ नोटीस देत होतो. हा पद्धतीचा दोष नाही. समोरचे लोक माझ्या पानांऐवजी माझ्याकडे बघत होते, हा त्यांचा असभ्यपणा आहे. तरीही त्या पाच मिनिटांत मला जेवढं वाईट वाटलं तेवढं आयुष्यात क्वचितच वाटलं असेल.

मी दोन दिवस बोललो नाही. बायकोनेही समजूत काढली नाही. ती शिवत बसली. मंगळवारी संध्याकाळी विश्रामगृहाचा अर्ज आला, तीन प्रतींत. लाभार्थीचं नाव तिने लिहिलं होतं. खाली रकाना: सोबत येणारी व्यक्ती, एक. आणि रकाना रिकामा ठेवता येत नाही.

ती टेबलापाशी माझ्यासमोर बसली. मधे बटणांचा डबा होता.

"माझी ताई केव्हाची म्हणतेय, तिला न्या म्हणून," ती म्हणाली. "तुम्हाला यायचं नसेल तर तिचं नाव घालते. तुमच्यावर जबरदस्ती नाही."

माझा स्वाभिमान ताठ झाला. हिने जिंकलेल्या खाटेवर मी झोपू? उद्या भांडारपाल विचारेल, काय साहेब, बाईसाहेबांनी समुद्र दाखवला का? मी खुर्चीत सरळ बसलो.

"मला समुद्राचं काय कौतुक?" मी म्हणालो. "नुसतं खारं पाणी. त्यात वाळू चपलेत जाते. आणि इथे कामं पडली आहेत, सगळ्या बाजारातले काटे तपासायचे आहेत. तू खुशाल ताईला ने. मला अजिबात यायचं नाही."

ती पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिची नजर खाली गेली, माझ्या हातावर.

"किती वाजले?" तिने विचारलं.

मला सांगता येईना. मी नुसताच सेकंदकाटा बघितला होता.

तिने तिन्ही प्रतींवर माझं नाव लिहिलं, सावकाश, खाडाखोड न करता. मग उठून स्वयंपाकघरात गेली, आणि थोड्या वेळाने तिकडून दोन वर्षं थांबलेली कॅलेंडरची पानं एकदम फाडल्याचा आवाज आला.

एवढंच नोंदवून ठेवतो, की काटा अकरा सेकंदांवर होता. नियमाप्रमाणे थाप बरोबरच होती.